तबकडीवरील गाणे आणि आपल्या संगीताचा इतिहास

आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्यापुढे एक मोठी अडचण प्रथमपासूनच उभी राहते. राजांच्या इतिहासास बखरी आहेत, ताम्रपट आहेत. देवळांच्या इतिहासास देवळेच साक्षीला उभी आहेत. कवींच्या इतिहासास पोथ्या आहेत. आमच्या बीड प्रांतापुरते बोलावयाचे, तर अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आजही डोळ्यांनी पाहता येते. परंतु ज्या रागांत दासोपंतांची पदे गायिली जात, ते राग त्या काळी कसे ऐकू येत, हे सांगण्यास कोणीही समर्थ नाही. गाणे हे गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर जन्मते आणि त्याच श्वासाबरोबर नाहीसे होते. मागे राहते ती ऐकणाऱ्याची आठवण, आणि आठवणीस काळाबरोबर अलंकार चढत जातात हे सर्वांस ठाऊक आहे.

ही स्थिती १९०२ साली पालटली. त्या वर्षाच्या एप्रिल महिन्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग नावाचा मुद्रक इटलीतील मिलान शहरी एनरिको कारुसो ह्या तरुण गायकाचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवून घेत होता. तोच गृहस्थ त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास आला, आणि ११ नोव्हेंबर रोजी त्याने गौहर जान ह्या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. त्या एका फेरीत पाचशेहून अधिक मुद्रणे झाली. ती जर्मनीतील हानोवर येथे पाठवून तेथे तबकड्या छापण्यात आल्या व पुढील वर्षी त्या इकडे विक्रीस आल्या. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत असे. दूरदेशीच्या कारागिरांस तबकडी कोणाची हे ओळखता यावे, हा त्यातील हेतू असल्याचे सांगतात. १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदा येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इकडेच तयार होऊ लागल्या. त्यांत घालावयाची लाख बहुतांशी आपल्याच अरण्यांतील किड्यांनी तयार केलेली असे, हेही येथे सांगून ठेवण्यासारखे आहे.

युरोपातील व आपले गाणे अशा प्रकारे एकाच यंत्रापुढे, एकाच वर्षी उभे राहिले. परंतु त्या यंत्राने दोघांस सारखे वागविले नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे आणि बारा इंचीवर चार-साडेचार मिनिटे एवढाच मजकूर मावे. कारुसोचे एखादे नाट्यपद मुळातच तीन-चार मिनिटांचे. ते तबकडीवर सुखाने बसले. मोठ्या वाद्यवृंदाची गोष्ट अधिक कठीण होती. मायक्रोफोन निघण्यापूर्वी ध्वनी केवळ एका कर्ण्यातून आत शिरे. साठ-सत्तर वादकांस त्या कर्ण्यासमोर दाटीने बसविणे शक्य नसल्यामुळे वादकांची संख्या कमी करावी लागे, आणि खर्जाच्या तंतुवाद्यांचे काम पुष्कळदा फुंकून वाजविण्याच्या पितळी वाद्यांवर सोपवावे लागे. तरीही १९१३ साली आर्थर निकिश ह्याने बर्लिनच्या वृंदाकडून बेथोव्हेनची पाचवी सिंफनी आठ बाजूंवर उतरवून घेतली. चार-दोन वाद्यांच्या घरगुती बैठकीचे जे संगीत तिकडे आहे, त्यास हे यंत्र अधिक मानवले. १९२५ नंतर विजेच्या साह्याने मुद्रण होऊ लागल्यावर कोर्तो, तिबो आणि काझाल्स ह्या त्रयीने शूबर्टची व बेथोव्हेनची त्रिके जी मुद्रित केली, ती आजही आदराने ऐकली जातात.

हे आठ बाजूंचे तुकडे करणे युरोपियनांस साधले, ह्याचे कारण त्यांचे संगीत कागदावर लिहिलेले असते. कोणत्या स्वरावर थांबावयाचे हे आधी ठरविता येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्वरापासून पुढे चालता येते. आपल्या ख्यालाचे तसे नाही. विलंबित ख्याल ही पाऊण तासाची चढण होय. गवई षड्जापासून एकेक पाऊल टाकीत जातो. पुढचे पाऊल कोठे पडणार हे त्यासही अगोदर ठाऊक नसते. त्यास तीन मिनिटांनी थांबवून पुन्हा आरंभ करावयास सांगणे म्हणजे झोपेत पडलेले स्वप्न जागे करून पुढे चालविण्यास सांगण्यासारखे आहे. म्हणून आपल्या गवयांनी निराळी वाट काढली. त्यांनी मोठा ख्याल पुष्कळ अंशी बाजूस ठेवला. मध्य अथवा द्रुत लयीची चीज घेतली. अस्ताई, अंतरा, थोडी आलापी, काही निवडक ताना आणि शेवटी सम, असा आटोपशीर घाट त्यांनी तयार केला. काहींनी एका बाजूवर विलंबित व दुसरीवर द्रुत अशी विभागणी केली. ठुमरी, नाट्यपद आणि भजन ह्यांचे तर तबकडीने भाग्यच उजळले.

ह्यावरून कित्येक जुने जाणकार असे म्हणत आले, की तबकडीवरील गाणे हे खरे गाणेच नव्हे. हे मत सर्वस्वी खोटे आहे असे नाही, परंतु ते पुरतेपणी खरेही नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मायक्रोफोनच्या काळातील तबकड्या ज्याने लक्षपूर्वक ऐकल्या असतील, त्यास तीन मिनिटांत राग किती उभा राहू शकतो ह्याचा प्रत्यय आल्यावाचून राहिला नसेल. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. मिरजेस त्यांचे वास्तव्य होते व तेथेच त्यांची कबर आहे. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी गदग येथे एका शाळकरी मुलाच्या कानांवर पडली, आणि १९३३ साली अवघ्या अकराव्या वर्षी तो मुलगा गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून देशास ज्ञात झाले. जी तबकडी एका मनुष्याचे आयुष्य असे फिरवू शकते, तीत खरे गाणे नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता इतिहासकाराच्या दृष्टीने ह्या साधनाची परीक्षा करू. त्याचा पहिला दोष असा, की जुन्या तबकड्यांची गती एकसारखी नसे. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे हा आकडा पुढे रूढ झाला. आरंभीच्या काळात तो कधी कमी, कधी अधिक असे. चुकीच्या गतीने लावलेल्या तबकडीवरून अमुक गायकाची पट्टी काळी चार होती की पांढरी पाच, असे अनुमान काढणे धोक्याचे असते. दुसरा दोष असा, की कर्ण्याने घेतलेल्या गाण्यात तंबोऱ्याची आस फारशी उतरत नाही, आणि गायकाने यंत्रास ऐकू जावे म्हणून लावलेला आवाज हा त्याचा बैठकीतील आवाज असेलच असे नाही. परंतु ह्या दोन्हींपेक्षा गंभीर असा तिसरा दोष आहे. तो म्हणजे जे तबकडीवर आले नाहीत त्यांचे काय, हा.

ह्या प्रश्नाचे स्वरूप कळण्यास केसरबाई केरकर ह्यांच्या चरित्राइतके दुसरे उदाहरण मिळणार नाही. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या ह्या बाईंनी बालपणी कोल्हापुरास काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिक्षण घेतले. नंतर रामकृष्णबुवा वझे, पुढे भास्करबुवा बखले, आणि शेवटी १९२१ पासून १९४६ पर्यंत अल्लादिया खाँसाहेब, असे त्यांचे गुरू झाले. ह्या चौघांपैकी अब्दुल करीम खाँसाहेब व वझेबुवा ह्यांचे गाणे तबकडीवर आहे. भास्करबुवांचे व अल्लादिया खाँसाहेबांचे नाही. म्हणजे एकाच शिष्येचे दोन गुरू आपणांस ऐकता येतात आणि दोघांविषयी केवळ वाचता येते. भास्करबुवा १९२२ साली वारले. त्यांच्या समकालीनांनी त्यांचे जे वर्णन केले आहे ते खोटे मानण्याचे काहीच कारण नाही. तथापि वर्णन हे वर्णनच होय.

परंतु येथे तबकडीच आपल्या साह्यास आडवाटेने येते. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांस चाली भास्करबुवांच्या आहेत, आणि त्या बालगंधर्वांच्या कंठातून तबकड्यांवर उतरल्या आहेत. मास्टर कृष्णराव हे बुवांचे शिष्य. त्यांचेही गाणे उपलब्ध आहे. अल्लादिया खाँसाहेबांची वक्र, लयीशी गुंफलेली तान केसरबाईंच्या आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या मुद्रणांत ऐकू येते. दोन शिष्यांत जे समान असेल ते गुरूचे, आणि जे भिन्न असेल ते ज्याचे त्याचे, अशी ढोबळ कसोटी लावली तरी पुष्कळ काही हाती लागते. निरनिराळ्या हस्तलिखितांवरून मूळ पाठ ठरविण्याची जी रीत प्राचीन ग्रंथांच्या संपादनात रूढ आहे, तीच येथे कानांनी चालवावयाची आहे. मात्र शिष्य ही गुरूची नक्कल नव्हे, हे भान सुटता कामा नये.

ह्या इतिहासास एक सामाजिक बाजूही आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. यंत्रापुढे प्रथम गावयास आल्या त्या बहुतेक पेशेवाल्या गायिका. अनेक मोठे उस्ताद आपली विद्या चोरीस जाईल ह्या भयाने, किंवा पानपट्टीच्या दुकानात आपले गाणे वाजावे हे हलके वाटून, दूर राहिले. त्यामुळे असा चमत्कार घडला, की ज्या पांढरपेशा घराच्या उंबरठ्याच्या आत गाणाऱ्या बाईस प्रवेश नव्हता, त्याच घराच्या माजघरात तिचा आवाज मानाने बसला. घरातील स्त्रियांनी शास्त्रोक्त गाणे प्रथम ऐकले ते बव्हंशी असे. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर बैठकी केल्या आणि प्रतिष्ठित कुटुंबे त्यांस सहकुटुंब जाऊ लागली. ह्यास हिराबाईंचे शालीन व्यक्तित्व जसे कारण झाले, तसेच त्यांच्या तबकड्यांनी आधीच घरोघरी करून ठेवलेली ओळखही कारण झाली असावी असे मला वाटते.

तबकडीचे महत्त्व पुण्या-मुंबईच्या वाचकांस कदाचित पुरते जाणवणार नाही. बीडहून दक्षिणेस सोलापूरच्या रस्त्यावर चौसाळा हे आमचे गाव आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गवयांस आश्रय देणारी कोल्हापूर, मिरज, सांगली, इचलकरंजी ही संस्थाने दूर राहिली. गावात गाणे नव्हते असे नव्हे. भजन होते, कीर्तन होते, उरुसाची कव्वाली होती. परंतु अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतील गाणे ऐकावयास मुंबईस जाण्याची ऐपत कितीजणांस असणार? चावीच्या फोनोस वीज लागत नाही. एक पेटी, पोलादी सुयांची डबी आणि कापडात गुंडाळलेल्या दहा-वीस तबकड्या एवढ्या सामग्रीवर अशा गावीही यमन आणि भैरवी पोहोचली. आमच्या घरी अशा तबकड्या होत्या. त्यांत बालगंधर्वांशेजारी करीम खाँसाहेब, त्यांच्याशेजारी एखादे कीर्तन, आणि तळाशी कोणा विलायती बँडची एक तबकडी, असा क्रम असे. घराण्यांचे भेद, देशी-विलायती हा भेद, त्या पेटीस ठाऊक नव्हता. संगीताची अशी सरमिसळ निवड कोणत्याही दरबारात झाली नसती.

अशाच एका निवडीत आपल्या गाण्यास जे स्थान मिळाले ते तर प्रसिद्धच आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली, आणि प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी ठेवली. तीत सुमारे दीड तासाचे, सत्तावीस वेच्यांचे संगीत आहे. बाखचे वृंदवादन आहे, मोझार्टच्या संगीतिकेतील पद आहे, बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग व त्याच्याच एका तंतुवाद्य-चतुष्काचा करुण भाग आहे. आणि केसरबाईंची भैरवी आहे, अवघी साडेतीन मिनिटांची. ह्या दोन यानांपैकी दुसरे निघाले ते ५ सप्टेंबर रोजी. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. मुद्रणाच्या बाबतीत अतिशय चोखंदळ असलेल्या ह्या गायिकेच्या गाण्याचा हा प्रवास अद्याप चालूच आहे.

तारांगणातील तबकडी सुरक्षित आहे. चिंता आहे ती भूमीवरच्या तबकड्यांची. लाखेची तबकडी हातातून निसटली की फुटते. आपल्याकडे त्या १९७० च्या सुमारास निघेनाशा झाल्या, आणि नंतर कित्येक घरांतून त्या भंगारवाल्याच्या गाडीवर गेल्या. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन होऊन हौशी संग्राहकांनी पुष्कळ काही वाचविले आहे. त्यांचे हे काम मोलाचे आहे, परंतु मूठभर संग्राहकांस ते पुरे पडणारे नव्हे. पुष्कळ तबकड्यांच्या छापाचे साचेही आज राहिलेले नाहीत. अशा गाण्याची शेवटची प्रत एखाद्या वाड्याच्या माळ्यावर पडलेली असणे अगदी संभवनीय आहे. जुनी पोथी सापडली तर आपण ती भांडारकर संस्थेकडे नेण्याचा विचार करतो. जुनी तबकडी मात्र अडगळ समजतो. गाण्याच्या इतिहासात तबकडी हीच पोथी होय, आणि तीही बोलणारी. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी ती विकण्यापूर्वी एकवार उघडावी, तबकड्यांवरील नावे वाचून टिपून ठेवावी, आणि शक्य तर जाणत्या मनुष्याकडून ते गाणे नव्या साधनावर उतरवून घ्यावे. भास्करबुवांचा आवाज आपणांस कधीच ऐकू येणार नाही. त्यास आता उपाय नाही. परंतु जे आवाज एकदा हाती आले होते, ते निष्काळजीपणाने दुसऱ्यांदा गमावणे, ह्याचे समर्थन मात्र पुढच्या पिढीपुढे करता येणार नाही.