मूळ राखलेले कलम

वसई-विरारपासून डहाणू-घोलवडपर्यंतच्या किनारपट्टीवर चिकूच्या ज्या बागा पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या, त्यांतील अनेकांच्या मुळाशी भेटकलम आहे: खिरणीच्या रोपाला चिकूची फांदी मूळ झाडापासून न तोडताच बांधायची, आणि सांधा जुळल्यानंतरच ती सोडवून घ्यायची. शरीराच्या एका भागातील ऊतक दुसरीकडे बसवणाऱ्या शस्त्रक्रियेलाही जोड जुळेपर्यंत तो भाग जिवंत कसा ठेवायचा हा प्रश्न प्रारंभापासून सोडवावा लागला, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध जुने उत्तर महाराष्ट्रातच नोंदले गेले.

टिपूच्या सैन्याच्या कैदेत नाक व एक हात गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा बैलवाल्याला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातील एका कारागिराने नवे नाक बसवले, आणि मुंबई इलाख्यातील इंग्रज शल्यवैद्यांनी पाहिलेल्या या कृतीचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापले गेले. कारागिराने आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून आकार घेतला, ती कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ आखली, आणि त्या मापाने सोडवलेली कातडी भुवयांमधील अरुंद देठावर जिवंत ठेवून खाली वळवली; जखमेवर कात, म्हणजे खैराच्या गाभ्याचा आटवलेला अर्क, लावला. देठ कापला गेला तो सुमारे पंचविसाव्या दिवशी. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही, ही या इतिहासातील खरी हानी आहे.

मूळ राखण्याची हीच युक्ती पुढे गुडघ्यातही वापरली गेली. गुडघ्याच्या पुढच्या क्रूसबंधाची, म्हणजे मांडीचे हाड व नडगी यांना सांध्याच्या आत जखडणाऱ्या अस्थिबंधाची, पुनर्रचना करताना मिलानच्या रिकार्दो गालेआत्सी यांनी 1934 मध्ये हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, यांपैकी सेमिटेंडिनोसस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, वरून सोडवली, पण नडगीवरील तिचे मूळ तसेच ठेवून ती हाडांतील बोगद्यांतून ओवली. पुण्यातील देठ शेवटी कापायचाच होता, हे मूळ कायमचे राहिले, एवढाच मोठा फरक.

पुढे कंडरा पूर्ण काढून बाजूच्या मेजावर तयार करण्याची रीत रूढ झाली, आणि या कामाचे कौशल्य खऱ्या अर्थाने तेथेच दिसते. नडगीच्या आतल्या बाजूच्या लहानशा छेदातून कंडरा शोधतात, तिला पोटरीच्या स्नायूकडे ओढणारे आडवे पट्टे आधी कापतात, कारण एखादा राहिला तर टोकाला कडे असलेले काढणीचे हत्यार वाट चुकते आणि कंडरा आखूड तुटते. मग तिच्यावर चिकटलेले मांस पात्याच्या बोथट कडेने निपटून काढतात, टोके दोऱ्याच्या वेटोळ्या टाक्यांनी गुंफतात, ती दुमडून बहुधा चार पदरी करतात, ताण देऊन ठेवतात, आणि भोकांच्या मापपट्टीतून ओढून जाडी मोजतात. जाडी किमान 8 मिलिमीटर भरावी असा प्रयत्न असतो, आणि हाडातील बोगदा त्याच मापाने कोरला जातो. मेणाच्या पट्टीचे काम येथे ही मापपट्टी करते. बोगदा तयार होईपर्यंत कंडरा ओल्या कापडात गुंडाळलेली असते, कारण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आणि नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरायला पुढे कित्येक आठवडे जातात. नडगीवरील मूळ न सोडवता कंडरा वळवण्याची गालेआत्सींची वाट काही शल्यविशारद आजही निवडतात, ती याच कारणाने.