टॅटूच्या यंत्रात मोटर कुठंय?

आज आधी एक कबुली. गोंदणावरच्या भागात मी ठासून सांगितलं होतं की टॅटूचं यंत्र म्हणजे एडिसनच्या विजेच्या पेनाचीच सुधारलेली आवृत्ती. ते अर्धंच खरं. इंदूरच्या एका मराठी टॅटूवाल्याने तो भाग पाहिला, मला दुकानात बोलावलं, वडिलांचं जुनं यंत्र पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "सर, यात मोटर कुठंय?"

मोटर नव्हतीच. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, वर लोखंडी पट्टी, स्प्रिंग आणि एक स्क्रू. शाळेतली विजेची घंटा आठवा. वीज आली की वेटोळ्यांचं चुंबक होतं आणि पट्टी खाली खेचली जाते. खेचली गेली की स्क्रूशी संपर्क तुटतो, चुंबकत्व जातं, स्प्रिंग पट्टीला वर आणते आणि पुन्हा तेच. घंटेत त्या पट्टीला टोला असतो, इथे सुई.

एडिसनचं पेन निराळं. पेटंट १८७६ चं. डोक्यावर छोटी मोटर, शेजारी बॅटरी. सुई कागदाला बारीक भोकं पाडत लिहायची, मग त्यावर शाईचा रूळ फिरवून प्रती काढायच्या. ज्यांनी सायक्लोस्टाइलवर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, त्यांना हे घराणं ओळखीचं वाटेल. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीने टॅटूयंत्राचं पेटंट घेतलं. त्यावर या पेनाची छाप आहे, म्हणून सगळे तिथेच थांबतात. मीही थांबलो होतो. पण त्या काळात दंतवैद्यांकडे दाताच्या पोकळीत सोनं ठोकून बसवणारी विद्युतचुंबकी हातोडी होती, आणि टॅटूवाल्यांनी तीही वापरून पाहिली होती. वेटोळ्यांचं यंत्र या दुसऱ्या शाखेला जवळचं.

मग त्याने मला सरावाच्या रबरी कातड्यावर बसवलं. वेटोळ्यांची दोन यंत्रं होती. रेघेच्या यंत्राची पट्टी थोड्या अंतरात भराभर आपटते. छटेच्या यंत्रात अंतर जास्त, चाल संथ, आणि पुढे शेजारीशेजारी बसवलेल्या सुयांचा चपटा झुबका. माझी रेघ पावसात भिजलेल्या अक्षरासारखी फुटली. छटा भरायला गेलो तर पट्टे उठले. हात मनगटापर्यंत झिणझिणत होता.

नवं यंत्र जाड पेनासारखं, जवळजवळ मुकं. आत मोटर! म्हणजे एडिसनची चाल सव्वाशे वर्षांनी परत आली. सुईचा पल्ला बदलता येतो: रेघेसाठी साधारण ४ मिलिमीटर, मऊ छटेसाठी ३ किंवा त्याहून कमी. काडतूस बदललं की तेच पेन दोन्ही कामं करतं. रेघ माझी तरीही वाकडीच आली, पण फुटली नाही.

"वडील छटा भरायचे?" मी विचारलं. तो हसला. मेळ्यात बॅटरीवर एकच यंत्र चालायचं. नावं, ओम, विंचू. अक्षरामागे पैसे. रांग लागलेली असताना छटा कोण भरणार? आपल्या हाताच्या गोंदणातही रेघ आणि ठिपकाच असे. (जपानमध्ये हातानेही सुंदर छटा भरत, त्यामुळे छटा यंत्रानेच आली असं पुन्हा ठासून सांगत नाही.)

मी सुईबद्दल विचारलं, तेव्हा तो जरा थांबला. दिवसभर तीच. मधूनमधून पाण्यात बुडवायची, फडक्याने पुसायची. हिपॅटायटिस बी आणि सी असे रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हाताने गोंदणारीही सुया पुन्हा वापरायची, पण यंत्राने एका दिवसात कितीतरी जास्त हात त्या एका सुईखाली आणले.

"बाबांना कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. मग माझ्या पेनातलं काडतूस त्याने काढलं आणि, मी फक्त रबरावर चालवलं होतं तरी, सुयांच्या डब्यात टाकलं.

या ई-पुस्तकात गोंदणाचा तो भाग दुरुस्त करून घेतला आहे.