परभणी परिसरातील ध्यानपरंपरा

गोदावरी व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील परभणी परिसरात तेराव्या-चौदाव्या शतकांत नाथपंथीय योगसाधनेला नामस्मरणाचे रूप कसे प्राप्त झाले, हे येथील संतांच्या चरित्रांवरून व रचनांवरून दिसून येते. यांपैकी नरसी व औंढा नागनाथ ही स्थाने पूर्वी परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ पासून ती हिंगोली जिल्ह्यात मोडतात.

नाथपंथाची साधना देहाधिष्ठित होती. आसन, बंध व प्राणायाम यांच्या योगे कुंडलिनी जागृत करून प्राण सुषुम्नेत नेणे, हे तिचे स्वरूप. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात या मार्गाचे सविस्तर वर्णन आहे. तथापि बाराव्या अध्यायात निर्गुणोपासक योग्यांचे कष्ट दाखवून भक्तिमार्ग सुलभ ठरविला आहे. योग व भक्ती यांना जोडणारा दुवा अजपाजपात आढळतो. श्वास-प्रश्वासाबरोबर ‘सोऽहं’ हा जप अहोरात्रात २१,६०० वेळा आपोआप होतो, अशी योगग्रंथांची धारणा आहे. तेथे साधकाने केवळ अवधान ठेवावयाचे असते. श्वासाच्या जागी नाम आले, तरी अखंड अवधानाचे तत्त्व कायम राहिले.

औंढा नागनाथ येथील विसोबा खेचर हे नामदेवांचे (१२७०–१३५०) गुरू. ‘खेचर’ म्हणजे आकाशगामी. योगातील खेचरी मुद्रेशी या शब्दाचे नाते आहे. विसोबांनी शिवलिंगावर पाय ठेवलेले पाहून नामदेव विस्मित झाले व ईश्वर सर्वत्र असल्याचा बोध त्यांना झाला, अशी आख्यायिका आहे. नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान असल्याची परंपरा आहे. त्यांनी नामसाधनेचा प्रसार उत्तरेत केला. शिखांच्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत.

या स्थित्यंतराचे सामाजिक महत्त्व गंगाखेडच्या जनाबाईंच्या जीवनात विशेष स्पष्ट होते. त्या नामदेवांच्या घरी दासी होत्या. एकांत, निश्चल आसन व दीर्घ अभ्यास यांसाठी लागणारी सवड दासीला मिळणे अशक्यच होते. दळण, कांडण, झाडलोट करीत असतानाच त्यांनी नामाचे अनुसंधान राखले. तरीही योगाची परिभाषा त्यांनी टाकून दिली नाही. त्यांच्या नावावरील अभंगांत इडा, पिंगळा, सुषुम्ना व अंतर्ज्योतीचे उल्लेख येतात. म्हणजे योगाचे फल त्यांनी स्वीकारले; त्याच्या अटी मात्र गळून पडल्या.

चीनमधील ताओ मताशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. ज्वांगझ या प्राचीन ग्रंथात ‘बसून सर्व विसरणे’ एवढेच साधे ध्यान सांगितले आहे. पुढे थांग राजवटीपासून (६१८–९०७) श्वास, वीर्य व मन यांना किमयेतील द्रव्ये कल्पून देहातच अमरत्वाचे रसायन सिद्ध करण्याची गुंतागुंतीची आंतरसाधना वाढीस लागली. परभणी परिसरातील प्रवाह याच्या उलट दिशेने, गूढ साधनेकडून सुलभ नामाकडे वाहिला. त्यामुळे गुहेतील योग्याचे ध्यान जात्यावर बसलेल्या स्त्रीच्याही आवाक्यात आले. गोदातीरी गंगाखेड येथे असलेले जनाबाईंचे स्मृतिस्थान आजही वारकऱ्यांचे श्रद्धास्थान आहे.