कवटीची मोजणी आणि इरावती कर्वे

मंडळी, आपल्या धाराशिवात तेर म्हटलं की मणी, खापरं आठवतात. आज आपण हाडांकडे वळू. कुणाचीही कवटी डावी-उजवी तंतोतंत सारखी नसते. 1920च्या दशकाअखेरीस बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी 149 कवट्या घेऊन नेमका हाच फरक मोजला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचं म्हणणं असं, की गोरे युरोपीय बुद्धीनं श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा आणि कवटीही त्या बाजूनं मोठी. म्हणजे निष्कर्ष आधी, मोजमाप नंतर! कर्व्यांना वंशानुसार तसा फरक आढळला नाही आणि प्रबंधात त्यांनी तेच लिहिलं. परक्या देशात, गुरूच्याच मताविरुद्ध. हाडांवरून आपल्याला वय कळतं, काही आजार कळतात; श्रेष्ठ-कनिष्ठ कळत नाही. ते आपणच मोजपट्टीबरोबर घेऊन जातो.