नाते आधी, सनद नंतर : शहरमैत्रीच्या अभ्यासाची प्रस्तावना

इंग्लंडच्या यॉर्कशर भागातले कीथली हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. १९०५ सालीच त्याने पॅरिसजवळच्या स्यूरेन आणि प्युतो या वस्त्यांशी मैत्री जोडली होती. पुढे पहिले महायुद्ध झाले आणि १९२० मध्ये कीथलीकरांनी उत्तर फ्रान्समधले प्वा-द्यु-नोर हे युद्धाची झळ सोसलेले गाव दत्तक घेतले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ब्रिटिश लीग ऑफ हेल्प या चळवळीने इंग्लंडच्या अनेक शहरांची गाठ अशा उद्ध्वस्त फ्रेंच गावांशी घालून दिली. कीथली आणि प्वा यांच्या मैत्रीची औपचारिक सनद मात्र थेट १९८६ साली झाली. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम आधी ध्यानात घ्यावा. शहरांमधले नाते माणसे जोडतात. नगरपालिका त्याची नोंद करते. ज्या मैत्रीत केवळ नोंद आहे, तिचा अभ्यास एका बैठकीत संपतो. ज्या मैत्रीत माणसे आहेत, तिच्यासाठी आयुष्य पुरत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या कल्पनेला वेग दिला. जर्मन बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या कॉव्हेन्ट्रीतल्या शेकडो स्त्रियांनी आपापली नावे एका कापडावर भरतकामाने उमटवून ते स्टालिनग्राडला पाठवले, आणि १९४४ मध्ये ही दोन शहरे मित्र म्हणून जोडली गेली. १९५० मध्ये फ्रान्सचे माँबेलियार आणि जर्मनीचे लुडविग्सबुर्ग एकत्र आले. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातला एलिझे करार त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६३ मध्ये झाला. राष्ट्रनेत्यांच्या सह्या होण्याआधी नगराध्यक्षांनी हात मिळवले होते, ही गोष्ट मुत्सद्देगिरीच्या इतिहासात फार क्वचित सांगितली जाते. ती सांगणे हे आपल्या विषयाचे पहिले काम आहे.

इंग्लिश आणि फ्रेंच गावांच्या मैत्रीचा गाभा मात्र अगदी घरगुती आहे. दोन्ही गावांत नागरिकांची एकेक समिती असते. एका वर्षी इकडची मंडळी तिकडे जातात, पुढच्या वर्षी तिकडची इकडे येतात. पाहुणे हॉटेलात न उतरता घरोघरी उतरतात. शाळकरी मुले एकमेकांच्या घरी राहून परकी भाषा जेवणाच्या टेबलावर शिकतात. म्हणूनच या नात्याला लागणारी घरघरही घरातूनच सुरू होते. समितीतली पिढी थकते आणि नवी पिढी पाहुणा ठेवायला तयार होत नाही. इंग्लंडमधल्या बिशप्स स्टॉर्टफर्डने २०११ मध्ये आपल्या फ्रेंच आणि जर्मन जोडगावांशी असलेले संबंध संपवले. ब्रेक्झिटनंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये, युरोपातल्या मुलांना ओळखपत्रावर ब्रिटनमध्ये प्रवेश मिळेनासा झाला आणि पासपोर्ट नसलेल्या मुलांच्या शालेय सहली अडल्या. सीमेवरचा एक नियम किती स्वयंपाकघरांपर्यंत पोचतो, हे मोजणे अभ्यासकाच्या हाती आहे.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. मुंबईचे योकोहामाशी १९६५ मध्ये आणि श्टुटगार्टशी १९६८ मध्ये भगिनी-शहराचे नाते जुळले. त्याच श्टुटगार्टचे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गशी १९६२ पासून नाते आहे. म्हणजे युरोपच्या युद्धोत्तर समेटातून विणलेल्या जाळ्याचा एक धागा मुंबईपर्यंत आला आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे जपानमधल्या ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीचे फळ आहे. त्या शहरातल्या सुमारे तीनशे वर्षांच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर ते उभारले आहे. पुण्याच्या औंधमध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन शहराच्या नावाचा ब्रेमेन चौक आहे, आणि ब्रेमेन-पुणे नात्याचा मोठा भार दोन्हीकडच्या नागरिक गटांनी वाहिला आहे. भारतात परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे अशा कराराला दिल्लीची संमती लागते. पण बागेत फिरायला जाणाऱ्या कुटुंबाला किंवा पत्रमैत्री जपणाऱ्या शिक्षिकेला कुणाची संमती लागत नाही. या दोन पातळ्या वेगळ्या ओळखून दोन्ही तपासणे, ही या विषयाची शिस्त आहे.

मुंबई-पुण्याकडे अशी नाती असताना ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतून या अभ्यासाला सुरुवात का करावी? यातले कल्याण दूरच्या गावांशी जोडले गेल्याला दोन हजार वर्षे होत आली. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत, आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. ठाण्याचा धागा तर थेट फ्रान्सपर्यंत जातो. १३२१ मध्ये तोलेन्तिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस हे चार फ्रान्सिस्कन ठाण्यात धर्मवादातून मारले गेले. त्यांच्यासोबत या किनाऱ्यावर आलेला, दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेराकचा मानला जाणारा जॉर्डानस हा डॉमिनिकन त्या वेळी दुसरीकडे होता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे त्याने या देशातली झाडे, प्राणी आणि चालीरीती यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिले. इटली, फ्रान्स आणि जॉर्जियातली गावे ठाण्याशी एका जखमेने जोडली गेली आहेत. कीथली, कॉव्हेन्ट्री आणि माँबेलियार यांनी जखमेतून मैत्री उभी करून दाखवली. ठाण्याच्या या सातशे वर्षांच्या आठवणीतून तसे काही उभे राहू शकेल का, हा प्रश्न इथल्या तरुण अभ्यासकाने निर्धास्तपणे विचारावा.

वर्तमानही तितकेच समृद्ध आहे. ठाणे महानगरपालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. दोन्ही शहरे कोकण, देश, खानदेश आणि विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी घडवली आहेत. मूळ गावाचे मंडळ, यात्रेची वर्गणी, गावच्या शाळेला पाठवलेली वह्यांची मदत, हे सारे शहर आणि गाव यांच्यातले जोडनातेच आहे, फक्त त्याला सनद नाही. रोटरीच्या विद्यार्थी-आदानप्रदानात परदेशी मूल वर्षभरात एकाहून अधिक कुटुंबांत राहते. दोन खोल्यांच्या घरात त्या पाहुण्याची झोपण्याची सोय कशी होते, दहावीच्या वर्षी यजमानपद कोण नाकारते, सकाळची लोकल सांभाळून त्याला कोण फिरवते, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. मैत्री टिकणार की नाही, हे तिथेच ठरते.

साधनांची उणीव नाही. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचे ठराव आणि इतिवृत्ते वाचावीत. १८६४ पासूनचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांचे दरवाजे ठोठावावेत. ज्यांनी पाहुणे ठेवले त्यांच्याकडची पत्रे आणि छायाचित्रे पाहावीत, आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची मुलाखत आवर्जून घ्यावी. समितीच्या अहवालात तिचे नाव बहुधा नसते. परक्या बाजूचेही ऐकावे, कारण एकाच गावातून लिहिलेला मैत्रीचा इतिहास अर्धा राहतो.

या क्षेत्रात यायला इतिहासाची पदवी लागत नाही. फ्रेंच किंवा जर्मन शिकणारी डोंबिवलीची विद्यार्थिनी, निवृत्त पालिका कर्मचारी, गावच्या मंडळाचा चिटणीस, या प्रत्येकाच्या हाती असे काही आहे जे विद्यापीठाच्या कपाटात नाही. त्यांनी ते लिहून काढावे, एकमेकांसमोर मांडावे, वाद घालावेत. उद्या आपल्या शहराने एखाद्या दूरच्या शहराचा हात धरायचे ठरवले, तर त्या कराराचा मसुदा करणाऱ्यांसमोर हा अभ्यास तयार असला पाहिजे.