नवे विंडोज, जुना संगणक

संगणकाची नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आली, की धडधाकट यंत्र मोडीत काढायचे का? आपल्या मराठीच्या अनुभवातून या प्रश्नाकडे पाहू.

डॉसच्या काळात संगणकाला देवनागरी येत नसे. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने वाट काढली. पण त्यासाठी वेगळे कार्ड विकत घेऊन संगणकात बसवावे लागे. 'अ' लिहायला आधी हार्डवेअर! मग विंडोजवर मराठी फाँट आले. सीताबर्डीवर डीटीपीवाल्याकडून मी मजकूर करून घेई, तो कागदावर देखणा उतरे. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी!

सन २००० मध्ये विंडोज २००० आले आणि युनिकोडची देवनागरी प्रणालीतच आली. २००१ च्या एक्सपीमध्ये ती एक खूण करून आणि सीडी घालून सुरू करावी लागे, एवढेच. त्याच वर्षी सुरू झालेल्या एमएस-सीआयटीचे वर्ग पुढे विदर्भातल्या गावोगावी पोचले. असा बदल हवाच होता. त्यासाठी यंत्र बदलले, तरी पदरात काही पडत होते.

पण नंतरचा हिशेब पाहा. एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने ५१२ मागितली, म्हणजे आठपट! याउलट २००९ चे विंडोज ७ आणि २०१५ चे विंडोज १०, दोघांच्या ३२ बिट आवृत्तीची किमान गरज १ जीबीच होती. तेव्हा भूक वाढत जाणे हा काही निसर्गनियम नव्हे. मनात आणले, तर ती आवरता येते.

२०२१ च्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर सक्तीचे केले. गुप्त किल्ल्या सुरक्षित जागी ठेवण्याचा हेतू रास्तच. पण त्यामुळे २०१६ साली घेतलेले, आजही ठणठणीत चालणारे बहुतेक संगणक अपात्र ठरले. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधारही थांबला. शाळेने किंवा छोट्या दुकानदाराने काय करावे? लिनक्सची वाट आहे. सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही त्याच घराण्यातली. पण हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे असेल, तर ती वाट अवघड.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ चे. त्यांनी कचऱ्याची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यावर टाकली. ते यंत्र कचऱ्यात केव्हा जाणार, हे मात्र पुष्कळदा प्रणाली बनवणारा ठरवतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. नव्या सोयीसाठी नवे यंत्र खुशाल मागा. पण जुने यंत्र चालते आहे, तोवर त्याची सुरक्षा काढून घेऊ नका. कुलूप दुरुस्त करायला कोणी घर बदलायला सांगत नाही.