गिरणीच्या दारात माणूस कोण निवडतो?

नोकरीसाठी अर्ज आले, त्यांतून चाळणी लावून मोजके उमेदवार निवडले, हे आज आपल्याला साधं ऑफिसचं काम वाटतं. पण ही चाळणी कोणाच्या हातात असावी, यावरून मुंबईत मोठा संघर्ष झालेला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांत अर्ज वगैरे नसे. भोंगा व्हायच्या आधी माणसं दारापाशी जमत. खात्यातला जॉबर बाहेर येई आणि त्यांतले काही आत घेई. तो आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आधी घेई. बाकीच्यांना दस्तुरी द्यावी लागे. घेणारा तोच, काढणाराही तोच. रोजच्या गैरहजर कामगारांच्या जागी येणारा बदली तर पूर्णपणे त्याच्याच मर्जीवर असे.

१९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार जवळजवळ सहा महिने संपावर होते. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी उभी राहिली. पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात सांगितलं, की भरती जॉबरच्या हातून काढा आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमा. ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते.

१९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड मिळे. कार्डवाल्याने रोज सकाळी हजर राहायचं आणि तात्पुरती जागा त्यांच्यातूनच भरायची. जॉबरचं वजन एका दिवसात गेलं नाही, पण ‘आज मला का घेतलं नाही?’ असं विचारायला कामगाराच्या हातात पहिल्यांदाच एक कागद आला. युनियनच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, कारण नियम लिहिलेला असला तरच तो मोडल्याची तक्रार करता येते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहू. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली मिळे. तिथे दलित कामगारांना प्रवेशच नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगार ‘विटाळ’ मानत. त्यामुळे दलितांना बहुतेक कताईकडची कमी पगाराची कामं मिळत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला, की सगळी खाती सगळ्यांना खुली करा, ही मागणीही यादीत हवी. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मालकांचं उत्तर होतं, की हा दोष आमचा नाही. एका अर्थी ते खरंच होतं. हे दार कामगारांनीच कामगारांसाठी बंद ठेवलं होतं.

म्हणून भरतीच्या नियमांकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. यादीतल्या माणसांना क्रमाने न्याय मिळतो का, हा पहिला. युनियन तो नेटाने विचारते, कारण यादीतले लोक तिचे सभासद असतात. यादीत यायलाच कोणाला मज्जाव आहे, हा दुसरा. तो विचारायचा तर कधी कधी स्वतःच्याच सभासदांना दुखवावं लागतं. आपण नागपूरला असा, इंदूरला असा की बडोद्याला, तुमच्या कामाच्या ठिकाणी हा दुसरा प्रश्न कोण विचारतं, हे जरूर पाहा.